दाव्यासकट

“मॅडम, हा मानूस कंजूस हाय,” हनुमान उभा राहत म्हणाला.

“ओळ दाखव,” निलम मॅडम म्हणाल्या.

साखऱ्याच्या शाळेत शनिवारी सकाळी दप्तर नसतं. फळ्यावर एक उतारा असतो आणि सातवीच्या पोरांनी त्यातला माणूस ओळखायचा असतो. त्या दिवशी फळ्यावर गंगाराम होता. गंगारामनं बाजारातून बिस्किटाचे दोन पुडे घेतले. एक लेकाच्या हातात दिला. दुसरा पिशवीच्या तळाशी ठेवला आणि वरून कांदे टाकले. घरी आल्यावर त्यानं आधी आईच्या खोलीचं दार लोटलं. उतारा एवढाच.

हनुमाननं फळ्याजवळ जाऊन कांद्यांवर बोट ठेवलं. “हे बगा, लपवला. कंजूसच लपवतो.”

“कंजूस असता तर दोन कशाला घेतले असते?” रागिणी मागून म्हणाली. “बायकूला भेत आसंल.”

पोरं हसली. मॅडमही हसल्या. मग राधिका उठली. ती धनगराची पोर, बोलायची कमी. ती शेवटच्या ओळीपाशी जाऊन थांबली. “आईसाठी लपवला त्यानं. पोराला दिसला असता तर त्यानं तोबी मागितला असता. आन पोराला न्हाई म्हनायचं त्याच्या जिवावर येतं.”

“हे शेवटचं कुठून काढलंस?”

“न्हाई म्हनता आलं असतं तर लपवलं कशाला असतं?”

दाराजवळ पोत्याच्या तरटावर बसलेल्या पारुबाईच्या तोंडून हळूच “अगं बया” निघालं.

पारुबाई वर्गातली सगळ्यात थोरली. दोन वर्षांपूर्वी गावात नवसाक्षरांचा वर्ग निघाला तेव्हा सात-आठ बायका पाटी घेऊन बसल्या. परीक्षा झाली, पास झाल्याचा कागद मिळाला आणि बाकीच्या बायका यायच्या थांबल्या. पारुबाई थांबली नाही. शनिवारी सकाळी ती शेळ्यांपुढं पाला टाकायची, पदर खोचायची आणि शाळेच्या दाराशी येऊन बसायची. “आता कशाला येता आजी?” असं मॅडमनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “अक्षरं आली मॅडम, पन त्याच्या मागलं न्हाई आलं.”

आज ते मागलं तिला जरासं दिसल्यासारखं झालं.

“लिहिणारा कधी सांगत नाही की हा मायाळू, हा खडूस,” मॅडम पोरांना सांगत होत्या. “तो फक्त दाखवतो. माणूस काय करतो, काय बोलतो आणि काय बोलत नाही. आपण ओळीवर बोट ठेवून ओळखायचं. बोट ठेवता आलं नाही, तर ते उताऱ्यातलं नाही, आपल्या मनातलं. पुढच्या शनिवारी प्रत्येकानं एकेक माणूस लिहून आणायचा. घरातला, शेजारचा, कुणीही. चांगला-वाईट असा एकही शब्द नको.”

“मीबी आनू का?” पारुबाईनं विचारलं.

“आणा की आजी.”

तेव्हा तिच्या मनात कुणीच नव्हतं. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याच्याविषयी लिहायचं म्हटलं तर बिडी सोडून काही आठवत नव्हतं. लेक बजरंग पुण्यात कंपनीत. त्याच्यावर लिहायचं तर तो समोर तरी असायला हवा.

पण शाळेतून घरी जाताना धर्मसिंगची पिकअप तिच्याशेजारी येऊन थांबली. धर्मसिंग तांड्यावरचा, गावोगावच्या बाजाराला शेळ्या-बोकडं पोचवायचा. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, “मावशी, कळमनुरीत तुमची ती पिंजाऱ्याची बाई भेटली.”

पारुबाई जागीच उभी राहिली. “फातमा?”

“तीच. डोळे गेले तिचे. काहीच दिसत न्हाई. सोहेल दुकान मोडून राहिला. पुढल्या महिन्यात समदे हैद्राबादला निघाले, त्याच्या मेव्हन्याकडं. कायमचे.”

“काय म्हनली मग?”

“मी साखऱ्याचा हाय म्हनलं तर म्हनली, पाऊसपानी कसं हाय गावाकडं.”

“आन?”

“आन काय? बस.”

“माझं नाव न्हाई काढलं?”

धर्मसिंगनं आठवून पाहिलं. खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं. “न्हाई बा,” तो म्हणाला आणि गाडी पुढं घेतली.

त्या दिवशी पारुबाईनं शेळ्या उशिरा सोडल्या.

फातिमाबी आणि पारुबाई एकाच गल्लीतल्या. फातिमाबीचा नवरा महेबूब पिंजारी. त्याच्या धनुकलीचा आवाज गल्लीत दिवसभर चालायचा आणि कापसाचे तंतू उडून पारुबाईच्या भाकरीच्या पिठात पडायचे. दोघी मिळून शेळ्या चारायला जायच्या. एकीच्या डब्यातलं दुसरीला, एकीच्या पोराचं दुखलं की दुसरीच्या घरातला ओवा. ईदला शेवया इकडं, दिवाळीला करंज्या तिकडं. यात सांगण्यासारखं काही नाही, गावोगाव असंच चालतं. पुढं तयार गाद्या आल्या, फोम आला आणि महेबूबची धनुकली मुकी झाली. सोहेलनं कळमनुरीला सोफे शिवायचं दुकान टाकलं आणि सगळं बिऱ्हाड तिकडं गेलं.

जायच्या दिवशी फातिमाबीनं आपली शेळी आणून पारुबाईच्या दारात बांधली. शेळीचं नाव डुली. तिच्या गळ्याखाली कानातल्या डुलांसारखे कातड्याचे दोन लोंबते होते. “अर्धलीनं ठेव,” फातिमाबी म्हणाली. अर्धली म्हणजे शेळी एकीची, सांभाळ दुसरीचा, आणि होतील ती पिलं निम्मी-निम्मी. तोंडचा व्यवहार. त्याला कागद लागत नाही.

पहिलं वेत झालं तसा पारुबाईनं निरोप धाडला, तुझा हिस्सा ने. उलटा निरोप आला, राहू दे. पुढच्या वर्षी पुन्हा धाडला, पुन्हा तेच. त्यानंतर पारुबाईनं निरोप धाडला नाही. वेत झालं की बोकडं ती आपल्या वाटणीत धरायची आणि पाटी, म्हणजे मादी पिलं, फातमाच्या. बोकडं बाजार बघायची, पाटी वाढायच्या, त्यांना पिलं व्हायची. असं करत करत दावणीला जास्त शेळ्या फातमाच्याच झाल्या होत्या. त्यातली एक तरणी शेळी, पहिल्या डुलीच्या नातीची लेक, तसेच दोन डूल घेऊन जन्मली होती. तिचंही नाव डुली.

माणूस असं वर्षानुवर्षं आपला हिस्सा न्यायला का येत नाही? पारुबाईनं या प्रश्नाला बरेचदा हात घातला होता आणि दर वेळी चटका बसल्यासारखा मागं घेतला होता. महेबूब गेला तेव्हा खबर इकडं पोचायला महिना लागला. मग आता काय जायचं, म्हणून ती गेली नाही. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. फातमा रागावली. आता ती हैद्राबादला चालली होती. भेटायचं तर याच महिन्यात, आणि रागावलेल्या माणसासमोर कोणतं तोंड घेऊन जायचं?

आठवडाभर तिनं चुलीपुढं बसून पाटीवर लिहिलं आणि पुसलं. शनिवारी मॅडमनी तिच्या हातात खडू दिला. पारुबाईनं अक्षर अक्षर जोडत फळ्यावर लिहिलं. पोरं एवढा वेळ गप्प बसली हेच नवल.

फातमानं गाव सोडलं.
जाताना तिची शेळी मला अर्धलीनं दिली.
दाव्यासकट दिली.
मी दोनदा निरोप धाडला, तुझा हिस्सा ने.
ती म्हणाली, राहू दे.
ती आली नाही.
आता गावचा माणूस तिला भेटला. तिनं पाऊसपाणी विचारलं. माझं नाव काढलं नाही.

“झालं,” पारुबाई म्हणाली. खाली बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. “आता सांगा लेकरांहो, ही बाई कशी हाय?”

पहिला हात हनुमानचा. “आजी, ती रागावली तुमच्यावर.”

मॅडम म्हणाल्या, “ओळ दाखव.”

“ही. ‘राहू दे.’ मानूस रागातच म्हनतो राहू दे. माझी माय बापाला रोज म्हनती, राहू द्या, तुमच्यानं व्हायचं न्हाई.”

वर्ग हसला. रागिणी म्हणाली, “मला वाटतं ती इसरली. शहरात गेली, दुकान झालं. दोन करडांसाठी कोन येतंय?”

“विसरली असती तर पाऊसपाणी विचारलं असतं का?” मॅडमनी विचारलं.

“ते तर कुनीबी इचारतं.”

राधिका बराच वेळ फळ्याकडं बघत होती. मग ती उठली आणि तिनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “मॅडम, ही ओळ कुनी वाचलीच न्हाई. दाव्यासकट.”

“त्याचं काय?”

“आमचे आजोबा जनावर विकतात तवा दावं सोडून घेतात. गिऱ्हाइकानं कितीबी मागू द्या, दावं देत न्हाईत. दाव्यासंग दावनीची बरकत जाती म्हनतात. ह्या बाईनं दावंबी दिलं. म्हंजे तिनं बरकत इथंच ठेवली.”

“मग ती आली का नाही?”

“हिस्सा नेला की अर्धली मिटती ना मॅडम. मिटली की मंग साखऱ्यात तिचं काय राहिलं?” राधिका शेवटच्या ओळीकडं वळली. “आन नाव काढलं न्हाई, तर माझी माय मेंढरांमागं लांब गेलेल्या बापाला फोन लावती तवा आधी मेंढरांचं इचारती. मंग पान्याचं. तुमी कसे हायत, हे कवाच न्हाई इचारत. फोन ठिवला की रडती.”

कुणी हसलं नाही. राधिका जागेवर जायला निघाली आणि मध्येच थांबली.

“आजी, एक सांगू? ह्या समद्या ओळींत तुमी कुठं गेल्याच न्हाईत. ती आली न्हाई, लिहिलंय. तुमी काहून न्हाई गेल्या?”

“शेळ्या कुनावर टाकायच्या बाई,” पारुबाई म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच ते ओळीबाहेरचं वाटलं. तेवढ्यात शाळा सुटली.

घरी आल्यावर तिनं खुंटीकडं पाहिलं. फातिमाबीचं दावं तिथं होतं. अंबाडीचं, हातानं वळलेलं, टोकाला पिंजाऱ्याच्या घरची दुहेरी गाठ. पहिली डुली गेली तेव्हा पारुबाईनं ते काढून खुंटीला अडकवलं होतं आणि नंतर कुठल्या शेळीला बांधलं नव्हतं.

राधिका एक बोलली होती, पण पारुबाईच्या डोक्यात दुसरंच शिरलं. बरकत दाव्यासंग जाते. फातमाची बरकत इतकी वर्षं आपल्या खुंटीला राहिली. आपली दावण भरली आणि तिचा नवरा गेला, दुकान मोडलं, डोळे गेले. शेळ्या नेल्या नाहीत तर नाही, पण हे दावं तरी तिचं तिला द्यायला नको होतं का? आपण कसल्या राखणदार? मनात ही गोष्ट आली तसा तिला घास गोड लागेना.

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी तिनं डुलीच्या गळ्यातली नायलॉनची दोरी सोडली, खुंटीवरचं दावं काढून बांधलं आणि धर्मसिंगची पिकअप थांबवली.

“इकायची का मावशी?” धर्मसिंगनं विचारलं. “शेळी झ्याक हाय.”

“जिची हाय तिला द्यायची.”

“आन बाकीच्या?”

“त्याबी धाडते मागनं. तुझ्याच गाडीत.”

धर्मसिंगनं तिला पुढं बसवलं. डुली मागं बोकडांत राहिली. सेनगाव गेलं, हिंगोली गेली. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. धर्मसिंग सारखा बोलत होता आणि पारुबाई हूं हूं करत होती. तिनं मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. फातमा, तुझं तुला द्यायला आले. तिला ते चांगलं वाटत होतं. मोकळं आणि इमानाचं.

सोहेलचं दुकान अर्धं रिकामं झालं होतं. फळ्या उतरवल्या होत्या, शिलाई मशीन पोत्यात बांधून ठेवली होती. त्यानं पारुबाईला लगेच ओळखलं. पोट सुटलं होतं, दाढी पांढरी व्हायला लागली होती, पण हसायला लागला तसा गल्लीत चिंचा पाडणारा सोहेल दिसला. “मौशी, आप?” तो म्हणाला आणि मग मराठीत आला, “या, या. अम्मी मागं वट्ट्यावर बसलीया.”

फातिमाबी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. लहान झाली होती. हिरवी ओढणी डोक्यावरून घेतलेली, हात मांडीवर उताणे. नात शबनम तिच्याशेजारी बसून वह्यांचा गठ्ठा बांधत होती.

पारुबाई बोलायच्या आधीच डुली ओरडली. फातिमाबीनं मान वर केली.

“कौन है गे? बकरी कुनाची?”

“दादी, एक नानी आयी,” शबनम म्हणाली.

“मी हाय,” पारुबाई म्हणाली.

फातिमाबीचा हात मांडीवरून उठला आणि हवेत थांबला. पारुबाईनं तो धरायला हवा होता. पण तिच्या एका हातात दावं होतं आणि तिनं वाक्य जुळवून आणलं होतं. तिनं दाव्याचं टोक त्या उताण्या हातात ठेवलं.

“फातमा, तुझं तुला द्यायला आले.”

फातिमाबीची बोटं दाव्यावरून चालायला लागली. दुहेरी गाठीपाशी ती थांबली. पुन्हा मागं आली, पुन्हा गाठीपाशी गेली. मग दावं धरून तिनं शेळीला जवळ ओढलं आणि गळ्याखाली हात घातला. दोन्ही डूल तिच्या मुठीत आले.

“डुली?”

“तिच्या नातीची लेक.”

“आन दावं माझंच.”

“तुझंच. खुंटीला ठिवलं होतं. कुनाला बांधलं न्हाई.”

“म्हंजे बकरीबी आनली, दावंबी आनलं.” फातिमाबीचा आवाज सपाट झाला. “पुरा हिसाब मिटवायला आलीस.”

“मिटवायला न्हाई गं. तुझा हिस्सा हाय. बाकीच्याबी शेळ्या धाडते. मी इमानानं...”

“इमान कोन पुसलं तुला?” फातिमाबीनं दावं मांडीवर टाकून दिलं. “इतके साल आली न्हाईस. माझा माणूस गेला तवा आली न्हाईस. आन आता मी चालले, तर दावं घेऊन आलीस. लई जल्दी केलीस पारू.”

“तू राहू दे म्हनलीस.”

“राहू दे म्हनले. येऊ नको कवा म्हनले?”

आत कुठंतरी भांडी पोत्यात भरल्याचा आवाज येत होता. शबनम वह्या सोडून दोघींकडं बघत होती. पारुबाई ओट्याच्या कडेवर टेकली. तिला फळा दिसत होता आणि त्यावर राधिकाचं बोट. मिटली की मंग साखऱ्यात तिचं काय राहिलं? पोरीनं बरोबर वाचलं होतं. तिनं सांगितलंही होतं. आपण मात्र ते घेऊन भलतीकडंच चाललो.

“मला वाटलं तू रागावली,” ती म्हणाली.

“रागावले होते की. अजून हाय. पन रागावले म्हनून कोन आपली बकरी परक्याच्या दारात ठेवतं का? ठेवली म्हंजे काय, समजायला नको?”

“मी अडानी, मला काय समजतं.”

“लिहाय-वाचायला शिकलीस म्हनं. धर्मसिंग बोलला.”

पारुबाईनं चमकून पाहिलं. “धर्मसिंग तर म्हनला, तू माझं नावबी काढलं न्हाईस.”

“मी कशाला काढू? तोच बोलत बसला, मी ऐकत बसले.” फातिमाबीच्या ओठांची कड जरा हलली. “पाऊस पुसला म्हनून तो गावचं बोलाय लागला. डायरेक्ट तुझं पुसलं असतं, तर एका शब्दात आटोपलं असतं त्यानं.”

सोहेल चहा घेऊन आला. कप खाली ठेवत तो म्हणाला, “मौशी, दर बकरीदला मी म्हनायचो, अम्मी, साखऱ्यात आपले जनावर हायत, एक आनू का? तर नक्को म्हनायची. ते पारूपाशी हायत, म्हनायची. माझे मामा हसायचे, म्हनायचे तुमची बकरी हाय का जमीन?”

“तू जा, सामान बांध,” फातिमाबी म्हणाली. तो हसत गेला.

चहा झाला. मग दोघींनी मेलेल्या माणसांची नावं घेतली आणि जिवंतांच्या आजारांची. गल्लीत आता कोण राहतं, चिंचेचं झाड आहे का, विहिरीचं पाणी कसं आहे. झाड तोडलं हे पारुबाईनं सांगितलं नाही. आहे म्हणाली. फातिमाबीचा एक हात सगळा वेळ डुलीच्या पाठीवर होता आणि दुसऱ्या हातानं तिनं टाकून दिलेलं दावं कधी पुन्हा मुठीत घेतलं, हे पारुबाईला कळलं नाही.

“खरं सांगू का,” पारुबाई म्हणाली. “मला वाटलं तुझी बरकत माझ्या खुंटीला आडकली. तुझं हे आसं समदं झालं. म्हनून दावं आनलं. मिटवायला न्हाई आनलं.”

फातिमाबी म्हणाली, “बरकत बी अशी आडकती व्हय? पगली. मी दिली होती ती.”

“आता परत घे.”

“दावं ठेवते,” ती म्हणाली. “हैद्राबादला हातात काहीतरी पायजे. बकरी घेऊन जा. तिथं तिसऱ्या मजल्यावर बकरी कुठं बांधू?”

“मंग अर्धली?”

“चालू.”

रस्त्यावर धर्मसिंगनं हॉर्न दिला. पारुबाई उठली. डुलीला न्यायचं तर बांधायला काही नव्हतं. शबनम सुतळी शोधायला उठली तशी फातिमाबीनं तिला थांबवलं. डोक्यावरच्या ओढणीचं टोक तिनं चाचपलं, दातात धरलं आणि टर्रकन एक पट्टी फाडली. शबनम “दादी” म्हणाली, पण तोवर झालं होतं. ती पट्टी फातिमाबीनं स्वतः डुलीच्या गळ्यात बांधली. बोटांना दिसत असल्यासारखी तीच दुहेरी गाठ आली.

“पाट झाली की कळव.”

“कुनाच्या हाती?”

“शबनमकडं फोन हाय. तुला आता नंबर वाचता येतो ना?”

शबनमनं पारुबाईच्या तळहातावर पेननं नंबर लिहून दिला. मग पारुबाईनं, आल्या आल्या धरायला हवा होता तो हात धरला. हॉर्न पुन्हा वाजला.

पिकअप वळली तेव्हा पारुबाईनं मागं पाहिलं. बोळाच्या तोंडातून ओटा दिसत होता. फातिमाबी तशीच भिंतीला टेकून बसली होती. दाव्याचं एक टोक तिच्या मुठीत होतं आणि दुसरं ओट्यावरून खाली जमिनीवर लोळत होतं, जणू टोकाला काही बांधलेलं आहे आणि ते आत्ताच जरा पलीकडं चरायला गेलं आहे.

“मावशी, शेळी माघारी?” धर्मसिंगनं विचारलं. “घेतली न्हाई का तिनं?”

“तू पुढं बघून गाडी चालव,” पारुबाई म्हणाली.

शनिवारी शाळेच्या आवारातल्या लिंबाला तिनं डुली बांधली. दुसऱ्या शेळ्या तिच्या गळ्यातली हिरवी पट्टी खायला बघत होत्या, म्हणून तिला घरी ठेवायची सोय नव्हती. वर्गात मागच्या ओळी पुसून गेल्या होत्या. मॅडम काही विचारायच्या आत पारुबाईनं खडू उचलला.

पारू कळमनुरीला गेली.
शेळी माघारी आणली.
दावं तिथं ठेवलं.

राधिका ओळी वाचून खाली बघायला लागली. तिला कळलं होतं आणि तिला बोलायचं नव्हतं. मॅडमनी विचारलं, “सांगा, पारू कशी आहे?”

हनुमाननं हात वर केला. “उशीर करनारी.”

सगळा वर्ग हसला. मॅडमनी डोळे मोठे केले, पण रीत ती रीत. “ओळ दाखव.”

हनुमान फळ्याजवळ आला. पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, दुसरीवरून, तिसरीवरून. डोकं खाजवत म्हणाला, “ओळीत न्हाई मॅडम. मला वाटलं आपलं.”

“मग ते उताऱ्यातलं नाही. बस खाली.”

“थांब,” पारुबाई म्हणाली.

तिनं खडू घेतला आणि पहिल्या ओळीत ‘पारू’च्या पुढं, वरच्या अंगाला, दाटीवाटीनं दोन शब्द घातले. ‘बारा वर्षांनी.’ अक्षरं तिरपी झाली, पण वाचता येत होती.

“आता ठेव बोट,” ती म्हणाली.

हनुमाननं बोट ठेवलं. कुणी हसलं नाही. पारुबाईनं खडूचा हात पदराला पुसला आणि दाराजवळच्या आपल्या तरटावर जाऊन बसली. तिथून लिंबाखालची डुली दिसत होती.